मजकूर आपला, कुलूप परक्याचं

दिवाळी अंकाच्या हंगामात संपादकाच्या मेलमध्ये एक तरी फाइल अशी येतेच, जी उघडल्यावर त्यात मराठी दिसत नाही. रोमन अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांचं गिचमीड दिसतं. लेखक फोनवर सांगतो, "माझ्याकडे तर नीट दिसतंय." डीटीपीवाला म्हणतो, "फाँट पाठवा." फाँट ज्या पॅकेजातला आहे त्याला डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, लागतं, आणि ते डोंगल ज्या संगणकाला लावायचं तो केव्हाच भंगारात गेलेला असतो. आपणच लिहिलेला मजकूर आपल्यालाच वाचता येत नाही. यावर कुणी ओपन सोर्सचं नाव काढलं, की काही ठरलेली वाक्यं ऐकू येतात. त्यातली काही निव्वळ ऐकीव आहेत, काहींत तथ्यही आहे.

गैरसमज : ओपन सोर्स म्हणजे फुकट सॉफ्टवेअर.

व्हॉट्सॲप फुकट आहे, पण ते ओपन सोर्स नाही. त्याचा कोड कंपनीबाहेरच्या माणसाला ना वाचता येतो, ना बदलता येतो. ओपन सोर्समध्ये चार गोष्टींची मुभा असते : हव्या त्या कामासाठी वापरणं, आतला कोड वाचणं, तो बदलणं आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देणं. त्यावर पैसे कमवायला कुणाची ना नाही. रेड हॅट ही कंपनी लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमभोवतीच्या सेवा विकूनच मोठी झाली, आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

या चळवळीची सुरुवातही पैशांवरून झाली नव्हती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रिंटर होता. कागद अडकला की संगणकावर बसलेल्यांना तसा संदेश जावा, अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्राममध्ये स्वतः करून घेतली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण त्याचा कोड द्यायला नकार मिळाला. दुरुस्ती करता येणारा माणूस समोर असताना दुरुस्तीला बंदी, ही गोष्ट स्टॉलमन यांना झोंबली. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला.

गैरसमज : पैसे मोजून घेतलं म्हणजे ते आपलं झालं.

पैसे देऊन आपण बहुतेक वेळा वापराचा परवाना घेतो, आणि त्याच्या अटी लिहिणारा समोरचा असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑरवेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसे परत मिळाले हेही खरं, पुढं कंपनीनं माफीही मागितली. पण घरात ठेवलेलं पुस्तक दुकानदार रात्रीतून काढून नेऊ शकतो, एवढं तेव्हा जगाला कळलं.

आपल्याकडच्या छापखान्यांना जवळचं उदाहरण पानं लावण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामचं. आल्डस कंपनीनं ते १९८५ मध्ये बाजारात आणलं, १९९४ मध्ये आल्डसच अडोबीत विलीन झाली, आणि २००१ मधली ७.० ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती ठरली. त्यानंतर त्यात काहीही नवं आलं नाही. युनिकोड मराठी त्याला कधी समजलंच नाही. तरीही त्यावर पुस्तकं लागत राहिली, कारण ऑपरेटरचा हात बसला होता आणि जुन्या फाइली त्यातच होत्या. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडायच्या, पण २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली गेली. २०१३ पासून तर कंपनीनं नव्या आवृत्त्या कायमच्या विकणंच थांबवलं आणि दरमहा-दरसाल वर्गणी सुरू केली. वर्गणी थांबली की प्रोग्राम थांबला. फाइल आपल्या डिस्कवरच राहते, फक्त उघडत नाही.

गैरसमज : आम्ही कुठं पैसे देतो? आमच्याकडे क्रॅक आहे.

हे वाक्य छापील लेखांत सहसा येत नाही, पण गल्लीबोळातल्या डीटीपी सेंटरांत हाच खरा मुद्दा असतो. कायदा आधी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण डीटीपी सेंटर हा धंदाच आहे.

माझी तक्रार मात्र कायद्याची नाही. चोरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइलही त्याच बंद साच्यात तयार होते. पैसे वाचले, कुलूप तेच राहिलं. वर अपडेट नाही, आणि क्रॅकबरोबर व्हायरस आला तर दाद मागायची सोय नाही. आपल्या पिढ्यान् पिढ्या याच सवयीवर वाढल्या, म्हणून पर्याय शोधायची गरजच कुणाला वाटली नाही.

गैरसमज : अडचण फाँटची आहे, सॉफ्टवेअरची नव्हे. आणि चांगले मराठी फाँट विकतच्या पॅकेजातच मिळतात.

इथं जरा थांबावं लागेल, कारण मराठीचं खरं नुकसान इथं झालं आहे.

जुन्या पॅकेजांमधले फाँट संगणकाला फसवून मराठी दाखवत. संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी अक्षरं साठवतो आहोत. फाँट त्या जागी क, अर्धा त, वेलांटी, रफार असे तुकडे रंगवायचा. कुठल्या जागेवर कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्यात गेला की गिचमीड. शोध चालत नाही, अकारविल्हे सूची लागत नाही, आणि त्या फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर हाती तेच डॉलर आणि कंस येतात.

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणं म्हणजे नुसती अदलाबदल नव्हे. जुन्या फाँटांत तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेले असतात : 'किती' मध्ये पहिली वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. 'कर्म' मध्ये जुना फाँट रफार म च्या नंतर ठेवतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी येतात. त्यामुळं कन्व्हर्टरमधून गेलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्याच अक्षरावर चढतात, रफार सरकतात, 'दुसऱ्या' तला ऱ्य बिघडतो. प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं. एखाद्या प्रकाशकाकडं तीस वर्षांची पुस्तकं अशी पडली असतील, तर तो खर्च फाँटच्या किमतीत कुणी धरला नव्हता.

आता दर्जाचं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त आणि बलू, गूगलचा नोटो, रेड हॅटच्या पाठिंब्यानं झालेला लोहित, आयआयटी मुंबईचा शोभिका : हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. छापा, पुस्तकात घाला, वेबसाइटवर लावा, अक्षराचं वळण पटलं नाही तर बदला. मनाई मुख्यतः एकाच गोष्टीला आहे : फाँट नुसता, सुटा विकता येत नाही. शोभिकात संस्कृत छपाईला लागणारी जोडाक्षरं भरपूर आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर काही फाँटांत मजकुराची भाषा 'मराठी' निवडावी लागते. ती हिंदी राहिली की हिंदी वळण येतं आणि लोक फाँटला नावं ठेवतात. मुखपृष्ठासाठी लागणाऱ्या सुलेखनी, नखरेल अक्षरांत मात्र विकतच्या पॅकेजांचा साठा अजून मोठा आहे. ते कबूल करायला हरकत नाही.

गैरसमज : हे हौशी लोकांचं काम, धंद्याला चालत नाही.

२०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅट्वियाचा चित्रपट ब्लेंडर या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये झाला. फोनवर तुम्ही ही ओळ वाचत असाल, तर त्यातली जोडाक्षरं बहुधा हार्फबझ या ओपन सोर्स इंजिननं जुळवली आहेत. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळे तेच वापरतात. इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही तेच इंजिन आहे. म्हणजे वर्गणी भरून जे मराठी अक्षर उमटतं, त्याच्या मुळाशीही उघडा कोडच.

पण सगळीकडे असं चित्र नाही. पानं लावण्यासाठीचं स्क्रायबस २००० च्या दशकापासून आहे, आणि त्यात मराठी जोडाक्षरं बरीच वर्षं तुटत होती. १.५ च्या चाचणी आवृत्त्यांत ती सुधारली, आणि स्थिर १.६ आवृत्ती यायला २०२४ उजाडलं. ज्यानं दहा वर्षांपूर्वी प्रयत्न करून हात टेकले, त्याला दोष देता येत नाही.

गैरसमज : कोड उघडा म्हणजे चोराला आमंत्रण.

आणि याचा उलटा गैरसमजही तितकाच पक्का : कोड उघडा म्हणजे सुरक्षित. मार्च २०२४ मध्ये लिनक्समधल्या 'एक्सझेड' या छोट्या घटकात कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं ते शोधून काढलं. कोड पाहता येत होता म्हणून छडा लागला. पण तो घटक सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा होता, म्हणूनच घुसखोरी शक्य झाली.

गैरसमज : एकदा ठरवलं की सगळंच बदलावं लागतं.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं हेच करून पाहिलं. २००३ मध्ये निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत फिरायचं ठरवलं. बाहेरून येणाऱ्या फाइली, कुरकुरणारे कर्मचारी, बदललेलं राजकारण, सगळं त्यात होतं. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस पॅकेज आणण्याची घोषणा केली, आणि त्यांनी सुरुवात ऑफिसच्या कामापासून केली.

छोट्या प्रकाशकानं किंवा अंकाच्या संपादकानं विंडोज सोडायची घाई करू नये, असं माझं मत आहे. लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा आणि अंकासाठी एखादा खुला फाँट ठरवावा. जुन्या पेजमेकर फाइलींसाठी लिब्रेऑफिस ड्रॉ वापरून पाहावं. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ते त्या उघडतं. बंद पडलेल्या स्वरूपातल्या फाइली वाचता याव्यात म्हणून काही प्रोग्रामरांनी चालवलेल्या प्रकल्पातून ही सोय आली. पान उघडेल, मजकूर अर्थात जुन्याच फाँटमध्ये असेल. तो कन्व्हर्टरमधून काढून वेलांट्या, रफार आणि ऱ्य तपासावे लागतील. आणि पुढचं पुस्तक छपाईला देताना डीटीपीवाल्याशी आधीच ठरवावं : छपाईच्या पीडीएफबरोबर शेवटचं प्रूफ लागलेला पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटी या खुल्या स्वरूपातल्या फाइलमध्ये वेगळा हवा, आणि त्याचे पैसे बिलात आधीच धरावेत.