एम्पररचे पट्टे

बारामतीत खाऱ्या पाण्यातला मासा पाळायचा, तर आधी समुद्रच घरी तयार करावा लागतो. कालव्याचं पाणी आरओतून काढायचं, त्यात मरीन सॉल्ट विरघळवायचं आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसेपर्यंत धीर धरायचा. अमोनिया पचवणारे जीवाणू खडकांवर वसायला काही आठवडे लागतात, म्हणून तेवढा काळ टाकी रिकामीच चालवली. त्यानंतर मुंबईहून एम्परर एंजलफिशचं पिल्लू आलं. जेमतेम बोटाएवढं, गर्द निळं; अंगावर पांढरी आणि फिकी निळी वलयं, शेपटीकडे एकात एक बसलेली.

आज त्याच माशाच्या अंगावर आडवे पिवळे पट्टे आहेत, डोळ्यांवर काळी पट्टी आणि पिवळीधमक शेपटी. पिल्लू आणि मोठा मासा एकाच जातीचे आहेत, हे आधी शास्त्रज्ञांच्याही लक्षात आलं नव्हतं. बर्लिनच्या ब्लॉखने १७८७ साली मोठ्या माशाला 'इम्परेटर' नाव दिलं. त्याच्या मृत्यूनंतर श्नायडरने १८०१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पिल्लू 'निकोबारिएन्सिस' म्हणून वेगळं नोंदलं गेलं. मोठे एंजलफिश आपल्या हद्दीत स्वजातीयांना टिकू देत नाहीत. पिल्लाचा वेगळा वेश त्याला त्या मारापासून वाचवतो, असं मानतात.

गेल्या काही वर्षांत खरी मेहनत झाली ती पाणी स्थिर राखण्याची. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकी मात्र २६-२७ अंशांवर हवी. पंखा लावला की पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो. म्हणून रोज गोडं पाणी घालायचं. लाइट गेली की पंप थांबतात आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. आमच्या घरातला इन्व्हर्टर सगळ्यात आधी टाकीसाठी चालतो.

रंग बदलताना रोज पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. इंदापूरचे दाजी शेततळ्यात कटला-रोहू वाढवतात. बोटुकली सोडली की तीच मोठी होते, रूप बदलत नाही, हा त्यांचा अनुभव. दिवाळीला आले आणि टाकीपुढे थबकले. "आवो, मासा बदलून आणला का काय?" वलयं तुटून त्यांच्या लांबट रेघा झाल्या होत्या. मी रोज चारा घालत होतो, तरी ते मला त्यांच्या तोंडून कळलं.

मोठ्या माशाचे पट्टेही स्थिर नसतात. जपानच्या शिगेरू कोंडो आणि रिहितो असाई यांनी टाकीतल्या एंजलफिशची छायाचित्रं घेत हे १९९५ साली 'नेचर'मध्ये मांडलं. अंग वाढलं तरी पट्टे रुंद होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. जिथे पट्ट्याला फाटा फुटतो ती जागा झिपसारखी सरकत जाते. अंगावरची नक्षी आपोआप कशी उमटते याची ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये गणितातून मांडलेली कल्पना त्यांना माशाच्या कातडीवर जिवंत सापडली. हे वाचल्यापासून मी महिन्याला आमच्या माशाच्या एका बाजूचा फोटो काढतो. पाठीजवळचा एक फाटा कल्ल्याकडून शेपटीकडे सरकताना त्यात स्पष्ट दिसतो.

खायला नोरी हे समुद्री शेवाळ, चिरलेली कोळंबी आणि स्पंज असलेला गोठवलेला चारा. समुद्रात हा मुख्यतः स्पंजवर जगतो, त्यामुळे चाऱ्यात कंजुषी चालत नाही. आणि तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दुकानात पिल्लाच्या वलयांवर भाळणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा आधी सांगतो. आमची नवी आठ फुटी टाकी पाडव्यापर्यंत तयार होईल, स्टँडचं वेल्डिंग दाजींच्या ओळखीने इंदापुरात चाललंय.