पंप बदलण्याआधी: लाइव्हवेलबद्दलचे गैरसमज

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास मासा पकडायला जाणाऱ्या बोटींत लाइव्हवेल नावाची एक टाकी असते. गळाला लागलेला मासा दिवसभर तिच्यात जिवंत ठेवायचा, शेवटी वजन करायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, अशी पद्धत आहे. रे स्कॉट यांच्या बी.ए.एस.एस. या संस्थेने १९७२ मध्ये आपल्या स्पर्धांतून मासा मारू नका, परत सोडा असा आग्रह धरला आणि ती पद्धत रुजली. आता स्पर्धेत मेलेल्या माशामागे वजन कापलं जातं. हा सगळा डोलारा उभा असतो तो टाकीत तळ्याचं ताजं पाणी आणणाऱ्या, बारा व्होल्टवर चालणाऱ्या मुठीएवढ्या पंपावर. तो बंद पडला की उन्हाळ्यात मासे बघता बघता उताणे होतात. म्हणूनच माणूस घाबरून थेट दुकान गाठतो आणि नवा पंप आणतो. बहुतेक वेळा दोष त्या पंपात नसतोच. तो पाण्याच्या वाटेत असतो, नाहीतर विजेच्या. टेक्सास किंवा मिशिगनमध्ये राहणारे जे मराठी वाचक जुनी बोट घ्यायचा विचार करत असतील, त्यांनी तरी या दोन वाटा तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

सगळ्यात पक्का गैरसमज असा: मोटारीचा आवाज येतोय, पाणी येत नाही, म्हणजे पंप गेला. खरं तर आवाज येतोय ही चांगली खूण आहे. हे पंप सेंट्रिफ्यूगल असतात. आतला इम्पेलर फिरतो आणि पाणी बाहेरच्या कडेला फेकतो, त्यामुळे मागचं पाणी ओढलं जातं. पण इम्पेलरभोवती पाण्याऐवजी हवा असेल तर तिला वजनच नसल्यासारखं असतं. ती फेकून ओढ निर्माण होत नाही. फूटव्हॉल्व्ह गळून विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की शेतकरी आधी त्यात पाणी भरतो, मगच बटण दाबतो. इथे वेगळं काही नाही. बोटीचा पंप पाण्याच्या पातळीखाली बसवतात तो पाणी आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचावं म्हणून. ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवताना नळीत हवेचा बुडबुडा अडकला की मात्र मोटार नुसतीच गुणगुणत राहते.

पाणी घेणारं तोंड बोटीच्या मागच्या फळीवर असेल तर पंप चालू ठेवून बोट जरा जोरात मागे घ्यावी. पाणी दाबाने आत शिरतं आणि बुडबुडा निघून जातो. दर फेरीला हेच होत असेल, तर पंपाची बैठक बघा. बाहेर जाणारं तोंड खाली झुकलेलं आहे का? नळी मध्येच उंच होऊन पुन्हा खाली येते का? त्या उंचवट्यावर हवा ठाण मांडून बसते. नळी पंपापासून टाकीपर्यंत चढतीच राहील अशी बांधली की अर्धी डोकेदुखी संपते.

याच गोंधळाचा एक भाऊ आहे. बोट वेगात असताना टाकीत पाणी येणं थांबतं आणि लोक तिथेही पंपालाच दोष देतात. वेगात बोटीचा पुढचा भाग उचलला जातो आणि मागचं तोंड एकतर पाण्याबाहेर येतं, नाहीतर फेसात राहतं. तेव्हा पंपाला पाणी मिळणारच नाही. अशा वेळी टाकीतलंच पाणी फिरवणारा दुसरा पंप, म्हणजे रिसर्क्युलेशन, चालू ठेवायचं असतं. आणि व्हॉल्व्हची मूठ भरणे, फिरवणे, रिकामी करणे यांपैकी कशावर आहे, हेही एकदा बघावं. पंप ठरावीक वेळाने चालू-बंद करणारा टायमर दोन फेऱ्यांच्या मध्ये गप्प असताना पंप मेला असं समजणारेही असतात.

आता विजेची वाट. इथला गैरसमज जास्त महागात पडतो. पंपाच्या तारांना मल्टिमीटर लावला, साडेबारा व्होल्ट दिसले, म्हणजे वीज ठीक आहे आणि पंप खराब, असा निष्कर्ष काढला जातो. पंप तारेला जोडलेला नसताना घेतलेलं हे माप फसवं असतं. बोटीच्या तळाशी ओल कायमची असते, तारांच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो आणि तांब्याच्या शंभर धाग्यांपैकी जेमतेम चार धागे शिल्लक राहिले, तरी बंद पंपावर व्होल्टेज पूर्ण दिसतं. प्रवाह वाहू लागला की ते कोसळतं. म्हणून माप पंप चालू असतानाच घ्यायचं, तेही थेट त्याच्या तारांवर. बॅटरीवर साडेबारा आणि पंपावर दहा दिसले, तर अडीच व्होल्ट वाटेत जिरताहेत. मग नव्या पंपालाही तेच दहा मिळणार. लाल तारेइतकीच काळी तारही तपासावी. लोक ती विसरतात, आणि गंज बऱ्याचदा तिथेच सापडतो.

कोणी मध्ये दुरुस्ती केली असेल आणि त्यानंतर धार बारीक झाली असेल, तर तारा उलट जोडल्या आहेत का ते बघा. ‘उलट जोडला असता तर पाणी आलंच नसतं’ हे पटण्यासारखं वाटतं, पण खरं नाही. सेंट्रिफ्यूगल इम्पेलर उलटा फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो; फक्त पाती चुकीच्या बाजूने लागल्याने जोर राहत नाही. पाणी येतंय, पण रडतखडत, हेच या चुकीचं लक्षण. पंपावरच्या लेबलवर कुठला रंग धन ते छापलेलं असतं.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं हा गैरसमज तर धोकादायक आहे. फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. इम्पेलर अडकला की मोटार जास्त प्रवाह ओढते आणि फ्यूज उडतो, म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. मोठा फ्यूज टाकलात तर तापेल ती तार, आणि त्याच बोटीत पेट्रोलची टाकीही आहे. लेबलवर लिहिलेल्या क्षमतेचाच फ्यूज वापरा आणि इम्पेलर का अडकला ते शोधा.

त्यासाठी पंप उघडावा लागतो. बहुतेक पंपांत मोटारीचा भाग खटका दाबून फिरवला की सुटा होतो. आधी बोट ट्रेलरवर घ्या, किंवा पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. ते छिद्र पाण्याच्या पातळीखाली आहे आणि पंप काढला की तळं सरळ बोटीत येतं. आत पाणगवत सापडेल, शिंपला सापडेल. इम्पेलरच्या दांड्याभोवती नीट चाचपून बघा: गळाच्या दोरीचा केसासारखा पारदर्शक वेढा तिथे असतो आणि तो नखाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. रिसर्क्युलेशनच्या पंपात आणि टाकीच्या जाळीवर आणखी एक पाहुणा असतो, रबरी अळीचा तुकडा. माशाने गिळलेलं ते नकली आमिष तो टाकीत ओकतो. परत बसवताना रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

‘आठशे गॅलनचा पंप आहे, म्हणजे तासाला आठशे गॅलन, सुमारे तीन हजार लिटर पाणी मिळणार’ हाही भ्रम आहे. तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना आणि बहुधा इंजिन चालू असताना मिळणाऱ्या साडेतेरा व्होल्टच्या आसपासचा असतो. चढ, नळीची वळणं आणि फवारा उडवणारं बारीक तोंड यांमुळे तो बराच घटतो. कागदावरच्या हिशेबाने पंचवीस गॅलनची टाकी दोन मिनिटांत भरायला हवी. तिला साडेतीन लागली तर बिघडलं असं समजू नका. सगळं ठाकठीक असताना एकदा घड्याळ लावून वेळ मोजा आणि टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या हंगामात पाच मिनिटं लागली, तर तुमच्या हातात पुरावा असेल.

पंप धडधाकट असूनही मासे मरतात तेव्हा दोष बहुधा उन्हाचा असतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढलेली असते. तेव्हा टायमर बाजूला ठेवून पंप सलग चालवा. बॅटरी उतरेल ही भीती अवास्तव आहे: तीन अँपिअर घेणारा पंप आठ तासांत चोवीस अँपिअर-तास खातो, आणि चांगल्या स्थितीतल्या मोठ्या बॅटरीला ते झेपतं. इंजिन सुरू करण्याची बॅटरी मात्र वेगळी असलेली बरी. बर्फ टाकायचा तर थोडा थोडा, पाणी एकदम थंड होऊ न देता. नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर तो बंद बाटलीतच ठेवा, कारण त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही.

घरी परतताना टाकी, नळ्या, पंप सगळं रिकामं करायचं. टेक्सासमध्ये २०१४ पासून राज्यभर, आणि मिनेसोटातही, तळं सोडताना बोटीतलं पाणी काढून टाकण्याची सक्ती आहे. झेब्रा शिंपल्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं त्याच पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. रिकामा झालेला पंप अंगणात दोन-चार सेकंद चालवून आवाज ऐकायला हरकत नाही, जास्त वेळ नको; दांड्याच्या सीलला पाण्याचाच ओलावा लागतो. मिशिगन, मिनेसोटाच्या थंडीत आत पाणी राहिलं तर ते गोठून पंपाचं आवरण तडकतं. तिथे हिवाळ्याआधी नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकोलचं अँटिफ्रीझ फिरवावं. गाडीत घालतात ते एथिलीन ग्लायकोल विषारी असतं. ज्या टाकीत पुढच्या वसंतात मासे ठेवायचे, तिच्यात ते जाऊ देऊ नका.