कागदाचा माग

आयबीएमने 21 जून 1988 रोजी एएस/400 जाहीर केलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये घडलेलं हे यंत्र मधल्या आकाराच्या उद्योगांसाठी होतं. पुढे त्याचं आयसिरीज झालं, मग सिस्टिम आय झालं, आणि 2008 पासून आयबीएम आय या नावाची त्याची कार्यप्रणाली पॉवर सर्व्हरवर चालते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या अशा यंत्रणा सांभाळणारे आरपीजी भाषेतले प्रोग्रॅमर मात्र आजही एएस/400 असंच म्हणतात. यंत्राच्या भक्कमपणाचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. मला त्याची छपाईची व्यवस्था जास्त मोलाची वाटते, कारण कुठलाही कागद बेवारस राहू नये हे तिच्या रचनेतच आहे.

प्रोग्रॅमने छापायला सांगितलं की मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. त्याची स्पूल फाइल होते आणि ती आउटपुट क्यूमध्ये जाऊन थांबते. तिथे ती रोखून धरता येते, दुसऱ्या प्रिंटरकडे वळवता येते, हवी तेवढीच पानं छापता येतात. प्रत्येक स्पूल फाइलवर ती निर्माण करणाऱ्या जॉबचं, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या कामाचं, पूर्ण नाव असतं: सहा आकडी क्रमांक, वापरकर्ता आणि जॉबचं नाव. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखी ही शिस्त आहे, फरक इतकाच की इथे नोंद करायला कारकून विसरत नाही. जॉब संपला तरी त्याची स्पूल फाइल शिल्लक असेपर्यंत, वेगळं काही ठरवलं नसेल तर, त्या जॉबची नोंद यंत्रातून पुसली जात नाही. जॉबचा लॉग छापला, तर तोही क्यूपीजॉबलॉग नावाची स्पूल फाइल होऊन बाकीच्या कागदांशेजारीच बसतो. त्यामुळे चुकीचं बिल हातात आलं, की ते कोणी, कधी आणि कुठल्या टर्मिनलवरून काढलं हे सापडायला फार वेळ लागत नसे.

हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर माणूस स्वतःच्या नावाने साइन-ऑन करायचा आणि जॉबही त्याच्याच नावाने उघडायचा. वेब सर्व्हिसमध्ये हे नातं तुटतं. गोदामातला माणूस मोबाइलवर डिलिव्हरी चलन मागतो. मागणी वेब सर्व्हिसकडे येते आणि जुना आरपीजी प्रोग्रॅम हाकेला उठतो. पण तो चालतो आधीच सुरू करून ठेवलेल्या एखाद्या सर्व्हर जॉबमध्ये, ज्याच्या नावात बहुधा क्यूयूझर हा यंत्राचाच वापरकर्ता असतो. एकच जॉब एका माणसाचं काम उरकून लगेच दुसऱ्याचं हाती घेतो.

अशा वेळी सर्व्हर जॉब थोड्या वेळासाठी खऱ्या वापरकर्त्याची ओळख धारण करतो. जॉबच्या नावातला वापरकर्ता एक आणि प्रत्यक्षात चालू असलेला दुसरा, असं झालं की यंत्र स्पूल फाइल त्या सर्व्हर जॉबखाली ठेवतच नाही. चालू वापरकर्त्याच्या नावाने क्यूपीआरटीजॉब नावाचा वेगळा जॉब असतो, तिची रवानगी तिकडे होते. नवखा प्रोग्रॅमर सर्व्हर जॉब उघडून त्याच्या स्पूल फाइल्स बघतो, यादी रिकामी दिसते, आणि छपाई झालीच नाही असं समजून तो प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. चलन तर केव्हाच तयार झालेलं असतं. वापरकर्त्याच्या नावाने स्पूल फाइल्सची यादी मागवली की ते समोर येतं. अर्थात ती सर्व्हिस खऱ्या माणसाची ओळख घेत असेल तरच. सगळ्या मागण्या क्यूडब्ल्यूसर्व्हिस या एकाच खात्यावर चालत असतील, तर सगळ्यांची चलनं त्या एकाच नावाखाली गोळा होतात आणि कुणाचं कुठलं हे नावावरून ओळखता येत नाही.

यावरचा इलाज यंत्रातच आहे, आणि तो वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. आउटपुट क्यूला डेटा क्यू जोडली, की स्पूल फाइल तयार होताच तिची नोंद तिथे येऊन पडते. क्यूआयबीएम_नोटिफाय_सीआरटीएसपीएलएफ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याहून उपयोगी. त्यातून मिळणाऱ्या नोंदीत स्पूल फाइल कुठल्या जॉबखाली ठेवली हे तर असतंच, पण ती निर्माण करणारा जॉब कुठला तेही असतं. क्यूपीआरटीजॉबमुळे तुटलेला दुवा इथे पुन्हा जुळतो.

तरीही जॉब सापडला म्हणजे मागणी सापडली असं नाही, कारण एका जॉबने दिवसभरात कितीतरी मागण्या हाताळलेल्या असतात. म्हणून वेब सर्व्हिसने प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा, तो पॅरामीटर म्हणून प्रोग्रॅमकडे पाठवावा, आणि प्रोग्रॅमने प्रिंटर फाइल उघडण्याआधी ओव्हरराइड करून तो स्पूल फाइलच्या युझर डेटामध्ये घालावा. तिथे काही घातलं नाही, तर एरवी प्रोग्रॅमचंच नाव येऊन बसतं, आणि शंभर चलनांवर एकच नाव असून शोधणाऱ्याला काय मिळणार? युझर डेटाला जागा फक्त 10 अक्षरांची. क्रमांक त्याहून लांब असेल, तर युझर-डिफाइन्ड डेटा हा वेगळा रकाना आहे, त्यात 255 अक्षरं मावतात. मग एसक्यूएलमधून आउटपुट क्यूच्या नोंदी मागवून युझर डेटावर गाळणी लावली, की गोदामातून फोन आल्यावर चलन क्रमांकासरशी काढून देता येतं, हवं तर त्याची पीडीएफसुद्धा.