मालवणच्या पाण्यातले ते ‘खडक’

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंगला उतरलं की पाण्याखाली पिवळट-तपकिरी घुमट दिसतात. दमलेला पर्यटक त्यावर बिनदिक्कत पाय टेकतो, कारण तो खडक आहे असा त्याचा समज असतो. सगळ्यांत घातक गैरसमज हाच.

यातले बरेचसे घुमट पोराइट्स वंशातल्या प्रवाळांचे असतात. या वंशातली पोराइट्स ल्युटिया ही प्रजाती तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळभित्ती बांधते. तिचा घुमट म्हणजे चुन्याचा सांगाडा. त्यावर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा जिवंत थर असतो आणि त्यात दीड मिलिमीटरही रुंद नसलेले हजारो प्राणी एकमेकांना जोडलेले असतात. कोणी प्रवाळाला वनस्पती समजतात, आणि त्याला थोडा आधारही आहे: या प्राण्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. पण शुंडकं पसरून तरंगते जीव पकडणारा हा प्राणीच.

हा घुमट वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेएवढा घुमट तुमच्या पणजोबांच्या काळातला असू शकतो! झाडाच्या खोडासारखी त्याच्या सांगाड्यातही वर्षावर्षाची वलयं असतात. त्यांच्या रासायनिक तपासणीतून शास्त्रज्ञ जुन्या काळचं समुद्राचं तापमान काढतात.

प्रवाळ फक्त निळ्याशार, नितळ पाण्यातच जगतं, हेही खरं नाही. पोराइट्स गढूळ पाणी बऱ्यापैकी सोसतं. अंगावर साचलेला गाळ चिकट स्रावात गुंडाळून झटकतं. अर्थात गाळाने प्रकाशच अडला, तर शैवालांची आणि त्यांच्याबरोबर प्रवाळाचीही उपासमार होते.

पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतंच असं नाही. पाणी फार तापलं की शैवालं बाहेर टाकली जातात आणि खालचा सांगाडा दिसू लागतो. पाणी वेळीच निवलं तर ते सावरतं. फांद्यांच्या प्रवाळांपेक्षा पोराइट्स अशा वेळी जास्त तग धरतं, पण वारंवार तापणारं पाणी त्यालाही मारतं. उथळ पाण्यात ओहोटीला उघडा पडणारा माथा मरतो, तरी बाजू जिवंत राहून वाढत असतात. म्हणून सपाट, मेलेल्या माथ्यावरही उभं राहू नका.

भित्ती बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा तोडून घरी नेणं हा गुन्हा आहे. मालवणला जाल तेव्हा तरंगतच पाहा, दमलात तर होडीला धरा, आणि नांगर वाळूतच टाकायला होडीवाल्याला आवर्जून सांगा.