स्कूटर इंजिनातील बिघाडांचे निदान व जुळणी : खानदेशातील हवामान व वापराच्या संदर्भात

प्रस्तावना

जळगाव व धुळे जिल्ह्यांत दुचाकी हे आजही नोकरदार वर्गाचे मुख्य वाहन आहे. शहरात राहून तालुक्याच्या गावी ‘अप-डाउन’ करणारा शिक्षक असो किंवा बाजारपेठेतील व्यापारी असो, त्याचा दिवस गाडी वेळेवर सुरू होण्यावर अवलंबून असतो. स्कूटर नीट चालेनाशी झाली की ती गॅरेजमध्ये नेली जाते आणि बहुतेक वेळा कारागिराचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू पाव-अर्धी फेरी फिरवला, रेस दिली आणि आवाज सुधारला की दुरुस्ती झाली असे मानले जाते. मात्र काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उद्‌भवते. काही प्रसंगी तर भर उन्हात, महामार्गावर, चालत्या गाडीचे इंजिन जाम होते. असे का घडते व ते कसे टाळता येते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. स्क्रूची जुळणी ही निदानाची पहिली पायरी नसून शेवटची पायरी आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील स्कूटरचा इतिहास प्रामुख्याने बजाज ऑटोच्या पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्याशी निगडित आहे. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी झालेल्या तांत्रिक सहकार्यातून येथील स्कूटर उत्पादनाचा पाया घातला गेला. सहकार्याचा करार संपल्यानंतर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ हीदेखील त्याच घराण्यातील होती. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ५७ मि.मी. व पिस्टनची धावही ५७ मि.मी. होती. त्यावरून इंजिनाची क्षमता १४५.४५ घ.सें.मी. येते. बजाजने २००९-१० मध्ये पेट्रोल स्कूटरचे उत्पादन थांबविले व २०२० मध्ये ‘चेतक’ हे नाव विजेवरील स्कूटरला दिले. तरीही एमएच-१८ व एमएच-१९ क्रमांकाच्या जुन्या चेतक धुळे-जळगावच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात. म्हणूनच येथे मुख्य उदाहरण म्हणून त्याच इंजिनाचा विचार केला आहे. निदानाचा क्रम मात्र इतर स्कूटरनाही लागू पडतो.

इंजिनाच्या मूलभूत गरजा

कोणतेही पेट्रोल इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी आवश्यक असतात : योग्य प्रमाणातील पेट्रोल व हवेचे मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, योग्य क्षणी पडणारी सशक्त ठिणगी आणि जळालेला वायू बाहेर जाण्यासाठी मोकळा मार्ग. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा यापेक्षा अधिक असल्यास मिश्रण ‘विरळ’ व पेट्रोल अधिक असल्यास मिश्रण ‘गाढ’ होते. गाढ मिश्रणामुळे धूर होतो, प्लगवर काजळी बसते व पेट्रोल वाया जाते. विरळ मिश्रणामुळे इंजिन अधिक तापते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच मिळते. त्यामुळे विरळ मिश्रणात पेट्रोलाबरोबर वंगणही कमी पोहोचते. गाढ मिश्रण खिशाला महाग पडते, तर विरळ मिश्रण इंजिनाच्या जिवावर बेतते, असे म्हणता येईल.

निदानाचा क्रम

कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी बिघाड ‘केव्हा’ होतो हे विचारणे आवश्यक आहे. कार्ब्युरेटरच्या मिश्रण-स्क्रूचा प्रभाव इंजिन जागेवर चालत असताना व अ‍ॅक्सिलरेटर साधारण पाव भाग उघडेपर्यंतच असतो. त्यापुढे मुख्य जेट काम करतो. म्हणजेच धुळ्याजवळचा लळिंग घाट चढताना गाडी दम तोडत असेल, तर तो दोष स्क्रू फिरवून जाणे तत्त्वतःच शक्य नाही. यानंतर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) पेट्रोलचा पुरवठा : कॉक उघडल्यावर नळीतून अखंड धार येते का, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे का, हे पाहावे. थोडे अंतर जाऊन गाडी बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा सुरू होते, याचा अर्थ हे छिद्र बुजले आहे. सकाळी चेतक एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची पद्धत अनेकांच्या स्मरणात असेल. कलती केल्याने फ्लोटमधील पेट्रोल जेटकडे सरकते व मिश्रण क्षणभर गाढ होते. चोक ओढूनही कलती केल्याशिवाय गाडी सुरूच होत नसेल, तर तो गाडीचा स्वभाव नसून फ्लोटची पातळी कमी असल्याचे किंवा जेटमध्ये कचरा असल्याचे लक्षण आहे.

२) ठिणगी : प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगी इंजिन दर्शवितो. कोरडी काळी काजळी गाढ मिश्रण सुचविते, ओला तेलकट थर अति ऑइल किंवा दुबळी ठिणगी सुचवितो, तर पांढरट रंग अति उष्णतेचा इशारा देतो. प्लगची फट सुमारे ०.६ मि.मी. ठेवावी. जुन्या चेतकमध्ये पॉइंट व कंडेन्सरही तपासावे लागतात. गाडी थंड असताना उत्तम चालते व तापल्यावर ‘मिस’ मारते, अशा वेळी कॉइल व कंडेन्सर यांचा संशय घ्यावा आणि ठिणगी इंजिन गरम असतानाच तपासावी.

३) दाब : किक हाताने दाबल्यास स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. किक सहज खाली जात असेल, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहावे. विरोध वाढल्यास रिंग किंवा सिलिंडर झिजल्याचे समजावे. न वाढल्यास हेडचे नट व गॅस्केट तपासावे.

४) हवेचा व धुराचा मार्ग : काळ्या मातीचा बारीक फुफाटा हवेच्या फिल्टरवर बसतो. त्यामुळे खानदेशात पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता फिल्टर अधिक वेळा स्वच्छ करणे इष्ट ठरते. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचल्यास ती कमी वेगात बरी चालते, परंतु पुढे वेग घेत नाही. पूर्वी कारागीर सायलेन्सर तापवून हा कार्बन जाळून काढीत, त्यामागील कारण हेच होते.

झाकला जाणारा दोष

वरील चारही बाबी ठीक असूनही इंजिन बिघडलेले असू शकते. चेतकसारख्या इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात. काळ व उष्णता यांमुळे त्यांचे रबर कडक होते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेल्यास इंजिन तेथून बाहेरची हवा ओढते व मिश्रण विरळ होते. जागेवर इंजिन वाजवीपेक्षा जोरात चालणे आणि रेस सोडल्यावरही आवाज लगेच खाली न येणे ही त्याची लक्षणे होत. क्लचच्या बाजूचे सील गेल्यास गिअरबॉक्समधील ऑइल ओढले जाते, दाट पांढरा धूर निघतो व गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते.

मॅग्नेटोच्या बाजूचा दोष असताना कारागिराने स्क्रू फिरवून मिश्रण गाढ केले तर जागेवरचा आवाज खरोखरच सुधारतो. मात्र वेग वाढताच मुख्य जेटचे क्षेत्र सुरू होते. तेथे बाहेरची हवा येतच राहते, स्क्रूचा उपयोग संपतो आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. अशा वेळी मागील चाक एकाएकी जखडते. सुरत–नागपूर महामार्गावर मागे अवजड वाहन असताना हा क्षण जीवघेणा ठरू शकतो. आवाज अचानक जड होऊन गाडी मंदावू लागल्यास विनाविलंब क्लच दाबणे हाच त्यावर तात्काळ उपाय आहे. लक्षण नाहीसे होणे व दोष नाहीसा होणे यांतील हा भेद प्रत्येक वाहनधारकाने जाणून घेतला पाहिजे.

जुळणीची पद्धत

तपासणी पूर्ण झाल्यावर व कार्ब्युरेटर स्वच्छ केल्यावरच जुळणी करावी. गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून इंजिन गरम करावे. हवेचा फिल्टर जागेवर असावा. तो काढून केलेली जुळणी निरुपयोगी ठरते. मिश्रण-स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून साधारण दीड फेरी उघडावा. नंतर तो थोडा थोडा फिरवून इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालेल ती जागा शोधावी व तेथून किंचित गाढ बाजूस ठेवावा. काही कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू बाहेर काढल्याने मिश्रण गाढ होते, तर काहींमध्ये विरळ होते. आपल्या गाडीचा प्रकार आधी माहीत असणे म्हणूनच गरजेचे आहे. शेवटी वेगाच्या स्क्रूने जागेवरचा वेग कमी करावा. पीयूसी चाचणीतील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा या कामी उपयुक्त ठरतो. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी त्याची मर्यादा ४.५ टक्के आहे. मर्यादेजवळचा आकडा गाढ मिश्रणाची सूचना देतो.

ऑइलचे प्रमाण लिटरला २० मि.ली., म्हणजे दोन टक्के, पुरेसे असते. उन्हाळ्यात जास्त ऑइल टाकणे सुरक्षित असते हा समज योग्य नाही. ऑइल वाढविल्याने त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणातील पेट्रोलचा वाटा घटतो, प्लगवर थर बसतो व सायलेन्सर लवकर बुजतो.

हवामान व इंधन

उष्ण हवा विरळ असते. डिसेंबरमधील पहाटेची १० अंश सेल्सिअसची हवा ही मे महिन्यातील दुपारच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक दाट असते. त्यामुळे मे महिन्यात केलेली जुळणी हिवाळ्यात थोडी विरळ ठरते व सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास देते. वर्षातून दोनदा, ऋतू बदलताना जुळणी तपासणे म्हणूनच हितावह आहे.

दुसरा बदल इंधनाचा आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला जळण्यास हवा कमी लागते. जुन्या जेटमधून असे इंधन गेल्यास मिश्रण आपोआप विरळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबरी नळ्या आणि सील यांना अपाय करते. दीर्घ सुटीत गाडी उभी ठेवताना कॉक बंद करून फ्लोटमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. अन्यथा पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर बारीक जेट बुजवितो.

नव्या पिढीच्या स्कूटर

गिअर नसलेल्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये ऑइल वेगळे असते, परंतु व्हॉल्व्हची फट तपासावी लागते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही, ही तक्रार तेथे बहुधा इंजिनाची नसून झिजलेल्या बेल्टची किंवा क्लचची असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तेथे मिश्रण संगणकीय यंत्रणा ठरविते व दोष असल्यास इशाऱ्याचा दिवा लागतो. तरीही प्लग, फिल्टर, दाब व इंधन या क्रमाचे महत्त्व कायम राहते.

निष्कर्ष

१) बिघाड अ‍ॅक्सिलरेटरच्या कोणत्या स्थितीत होतो, यावरून दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित करता येते.
२) पेट्रोल, ठिणगी, दाब व हवा-धुराचा मार्ग तपासल्याशिवाय मिश्रण-स्क्रूला हात लावू नये.
३) विरळ मिश्रण हा टू-स्ट्रोक इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू असून ऑइल सीलमधील गळती स्क्रूने झाकली जाते, दूर होत नाही.
४) खानदेशातील धूळ, तापमानातील तफावत व इथेनॉलयुक्त इंधन यांचा विचार करून देखभालीचे वेळापत्रक ठरविणे आवश्यक आहे.

वैद्य नाडी न पाहता औषध देत नाही. तोच विवेक यंत्राच्या बाबतीतही पाळल्यास वाहनाचे आयुष्य वाढेल आणि वाहन चालविणाराही सुखरूप घरी पोहोचेल.