संगणकांवरील घाला आणि सेनापतीचा हिशेब

सैन्याच्या संगणकांवर शत्रूनें घाला घातल्याची वार्ता आली म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, कीं किती यंत्रें बंद पडलीं? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु सेनापतीला त्याचा उपयोग फारसा नाहीं. देवीच्या रोग्याच्या अंगावरील फोड मोजल्यानें त्याची नाडी कशी चालली आहे हें कळत नाहीं. पहाटे ज्या तुकडीनें नदी उतरावयाची आहे ती उतरूं शकेल कीं नाहीं, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें. आणि या उत्तरावर अनेक शिपायांचे प्राण अवलंबून असतात.

या दोन प्रश्नांतील अंतर युक्रेनमधील एका घटनेवरून चांगलें उमजतें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं, रशियाची स्वारी सुरू होण्याच्या सुमारें एक तास आधीं, व्हायासॅट या अमेरिकन कंपनीच्या केए-सॅट नामक उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला स्वतःला ओरखडाही उठला नाहीं. जाळ्याच्या व्यवस्थेसाठीं राखून ठेवलेल्या भागांत हल्लेखोर शिरले, व तेथून त्यांनीं घरोघरच्या आणि कचेऱ्यांतील मोडेमांना, म्हणजे उपग्रहाशीं संधान ठेवणाऱ्या लहानशा पेट्यांना, अशा आज्ञा धाडल्या कीं त्यांच्या स्मृतींतील महत्त्वाचा मजकूर नष्ट होऊन त्या मुक्या झाल्या. युरोपभर अशा हजारों पेट्या निकामी झाल्या. कंपनीला पुढें सुमारें ३०,००० नव्या पेट्या पाठवाव्या लागल्या. १० मे २०२२ रोजीं युरोपीय संघ, ब्रिटन व अमेरिका यांनीं या कृत्याचा दोष उघडपणें रशियाच्या माथीं ठेवला.

युद्धाशीं ज्यांचा कांहींएक संबंध नव्हता अशा सुमारें ५,८०० पवनचक्क्याही या तडाख्यांत सांपडल्या. एनेर्कॉन या जर्मन कंपनीच्या या चक्क्यांवर दुरून देखरेख ठेवणारा दुवा तुटला. पण गंमत अशी, कीं चक्क्या फिरतच राहिल्या व वीजही निर्माण होत राहिली! त्या आपोआप चालण्याची सोय मुळांतच केलेली होती. देखरेख गेली, काम गेलें नाहीं. नुसत्या बंद दुव्यांची यादी करणाऱ्याला हा भेद कधींच दिसला नसता.

आतां खुद्द युक्रेनच्या सैन्याकडे पाहावें. तेथील शासकीय दळणवळण-संरक्षण खात्याचे तत्कालीन अधिकारी व्हिक्टर झोरा यांनीं मार्च २०२२ मध्यें, युद्धाच्या आरंभींच दळणवळणाची फार मोठी हानि झाली, असें सांगितलें. त्याच वर्षीं पुढें त्यांनीं खुलासा केला, कीं उपग्रहाचा मार्ग हा राखीव होता, मुख्य भिस्त जमिनीवरील तारांवर होती. त्या तारा तुटल्या असत्या तर मात्र पहिल्या तासांत बिकट प्रसंग ओढवला असता. दोन्ही विधानें एकाच जाणत्या माणसाचीं आहेत. हानि झाली हें खरें, आणि दुसरा मार्ग शाबूत असल्यानें ती तितकीशी लागली नाहीं हेंही खरें.

म्हणून या विषयांतील विचारी लोक यंत्रापासून नव्हे, तर कामगिरीपासून आरंभ करतात. नदी उतरावयाची तर पूल बांधणारे हवेत, तोफांचा आधार हवा, इंधन हवें. यांपैकीं प्रत्येक गोष्ट कोणत्या संगणकावर, कोणत्या तारेवर, कोणत्या टिपणावर अवलंबून आहे, हें शांततेच्या काळींच लिहून ठेवावें लागतें. हल्ला झाल्यावर तें शोधूं म्हणणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय. त्यांतही वेळेचें महत्त्व मोठें. इंधनाचा हिशेब ठेवणारा संगणक तुकडी विश्रांति घेत असतां सहा तास बंद राहिला तर कोणाचें कांहीं अडत नाहीं. तोच चढाईच्या आदल्या रात्रीं बंद पडला तर रणगाडे जागच्या जागीं खिळतात. कागद आणि पेन्सिल हातीं घेऊन काम भागवितां येतें, पण तें संथपणें. व शत्रूला कित्येकदां तेवढाच विलंब हवा असतो.

उलट प्रकारही घडतो. अमेरिकेंतील नेव्हाडा प्रांतांत क्रीच येथें वैमानिकरहित विमानें चालविण्याचें केंद्र आहे. २०११ सालीं तेथील संगणकांत एक उपद्रवी प्रणाली शिरल्याचें आढळलें. वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. हवाई दलाच्या म्हणण्याप्रमाणें मात्र, विमानें हांकणारी यंत्रणा निराळी असल्यानें उड्डाणांत व्यत्यय आला नाहीं.

सर्वांत कठीण हिशेब तेव्हां पडतो, जेव्हां यंत्र बंद न पडतां खोटें बोलूं लागतें. मुकें यंत्र निदान ओळखतां तरी येतें. नकाशावरील आपल्याच तुकडीची खूण कोणी चार मैल सरकविली तर तें कसें ओळखावें? अशा वेळीं पडताळ्यासाठीं त्या जाळ्याबाहेरचें कांहींतरी साधन लागतें. ॲनॅपोलिस येथील अमेरिकन नौदलाच्या विद्यालयानें ताऱ्यांवरून जहाजाचें स्थान काढण्याचें जुनें शिक्षण १९९० नंतरच्या दशकांत कालबाह्य समजून सोडून दिलें होतें. २०१५ सालीं तें पुन्हां सुरू करण्यांत आलें, आणि तरुण नाविकांच्या हातीं सेक्स्टंट परत आला.