फेट्याच्या कडेने

संपादकांनी विषय दिला तो पाच शब्दांत: गोधडीवर फोटो छापतात म्हणे, बघ. शहरात अशा गोधड्या विकायला येतात हे मला ठाऊक होतं. बाळाच्या पहिल्या वर्षाचे बारा फोटो, मऊ फ्लीसचं कापड, कडेला यंत्राची शिलाई. त्यांना गोधडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण माझी मावशी नार्नूरला असते, जन्मभर गोधड्या शिवत आली आहे, आणि काका जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. म्हटलं, बघायचंच तर तिच्याकडे बघू.

आदिलाबादहून इंद्रवेल्ली, उटनूर करत नार्नूरला जायचं. 1956 साली भाषेवरून राज्यं वाटली गेली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले, नार्नूर तिकडे राहिलं. दुकानांच्या पाट्या तेलुगू. पाटीखाली चाललेलं बोलणं कधी मराठी, कधी गोंडी, कधी बंजारा. गोधडीला तेलुगूत बोंत म्हणतात आणि मावशी दोन्ही शब्द वापरते. तेलंगणातला सगळ्यात कडक थंडीचा हा पट्टा आहे, त्यामुळे इथे गोधडी हौसेची वस्तू नाही. घरात माणशी एक लागते, पाहुण्यांची वेगळी.

फोटोंच्या बाबतीत या भागाचं एक नवल आहे. जवळच जैनूर मंडलात मारलवाई नावाचं गाव आहे. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940च्या दशकात पत्नीसह तिथे राहिले. दोघांच्या समाध्याही तिथेच आहेत. त्यांनी गोंड माणसांचे जे फोटो काढले तेवढे आणि तसे फोटो त्या काळी इथे दुसऱ्या कोणी काढले नसतील. ते आज लंडनच्या सोआस या संस्थेत जपलेले आहेत. म्हणजे कुणाच्या पणजोबांचा उत्तम फोटो लंडनला, आणि घरी आजोबांचा मागाल तर आधार कार्डावरचा. काकांचंही तेच. एक ओळखपत्रातला, डोळे ताणलेला. दुसरा कुठल्याशा लग्नातला, चौदा माणसांच्या घोळक्यात, डोक्याला फेटा. मावशीने फेट्याचा निवडला.

फोटो कापडावर उतरवायची खटपट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये लोखंडाच्या क्षारांवर उन्हाने निळं चित्र उमटवायची रीत शोधली. पुढे इंजिनिअरांचे निळे नकाशे निघाले ते तिच्यातूनच. सुती कापड त्या रसायनात भिजवून अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात खळबळायचं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायका असे निळे तुकडे उशांच्या अभ्र्यांत आणि गोधड्यांत जोडत. ही रीत मला फार आवडते, कारण तिच्यात चित्र धाग्यात मुरतं. पण धुण्याच्या सोड्यापुढे तो निळा टिकत नाही, पिवळट होऊन विटतो. मावशीच्या घरी धुणं म्हणजे सोडाच. विषय संपला.

मग उरलं बाजारातलं यंत्र. कप, टी-शर्ट, वाढदिवसाच्या उशा छापणारं दुकान आता कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतं. असंच एक गाठलं. टेबलावर उघडझाप करणारा तव्यासारखा दाब, बाजूला लहानसा प्रिंटर. आधी कागदावर फोटो उलटा छापतात. कागद कापडावर पालथा घालून वर दाब आणतात: 200 अंशांच्या आसपास, पाऊण ते एक मिनिट. शाई पातळ न होता थेट वाफ होते. त्या उष्णतेत पॉलिएस्टरचा धागा सैलावतो, वाफ आत शिरते, थंड होताना धागा पुन्हा मिटतो आणि रंग आतच कोंडला जातो. नखाने खरवडा, सोड्यात बुडवा, हलत नाही. दुकानदार तरुण होता, पण दाब उचलायची वेळ त्याला घड्याळाने सांगावी लागत नव्हती. घड्याळ वाजायच्या अर्धा श्वास आधी त्याचा हात दांड्यावर गेलेला असायचा. मी नुसता ते बघायला तासभर बसलो.

या यंत्राचा एकच हट्ट: पॉलिएस्टर पाहिजे. चिनीमातीचा कपसुद्धा त्याला तसा चालत नाही, त्यावर आधी प्लास्टिकसारखा थर चढवलेला असतो. आणि पांढरी शाई त्याच्याकडे नसते, म्हणून कापडही पांढरं किंवा फिकंच हवं. मी हट्टाने मावशीकडच्या जुन्या धोतराचा तुकडा पुढे केला. तो म्हणाला, येणार नाही. मी म्हटलं, करून तर बघू. दाबाखालून काका आले तेही जरा फिकटच. घरी एका धुण्यात फेट्याचा लाल गेला, मग मिशी, मग सगळंच. मावशीने तुकडा पिळला आणि काही न बोलता दोरीवर टाकला.

पॉलिएस्टरचा नमुना मी सोबत आणला होता. तिने तो गालाला लावून पाहिला. "हे नको मले. अंगाले चिकटते अन् थंडीत चटचट करते." खरं तर तिच्या ट्रंकेत गेल्या काही वर्षांच्या साड्या चाळल्या तर निम्म्याहून जास्त तसल्याच निघतात. कापसाच्या या जिल्ह्यात वापरून मऊ झालेली सुती साडी गोधडीसाठी शोधावी लागते. ज्या कापडावर फोटो पक्का बसतो ते तिच्या लेखी पांघरायचं नाही, आणि जे पांघरायचं त्यावर फोटो बसत नाही. यंत्राला आणि मावशीला समोरासमोर बसवलं तर दोघांचीही मान सारखीच हलेल.

दुसरी एक रीत आहे, फिल्मवर छापून गोंदाच्या भुकटीने कापडाला चिकटवायची. सुतीवर बसते, पण हाताला रबराचा पापुद्रा लागतो, आणि सुईने पडलेलं भोक त्यात भोकच राहतं. शेवटी मी घरचा प्रिंटर पणाला लावला. पिगमेंटची शाई असलेला प्रिंटर हवा. साधी डायची शाई पाण्यात उतरते. धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड ए-फोर आकाराच्या चिकट लेबल कागदावर सुरकुती न ठेवता बसवायचं, कडा कात्रीने साफ करायच्या, आणि देवाचं नाव घेऊन आत सरकवायचं. पहिल्या खेपेला एक सुटा दोरा रोलरमध्ये गेला आणि प्रिंटर दोन दिवस रुसला. तिसऱ्या खेपेला फोटो आला. फोटो लहान होता हे बरंच झालं. विणीमुळे कापडावर रेघा मुळातच मऊ येतात, इंचाला दीडशे ठिपके पुरतात. घोळक्यातून कापून काढलेले काका कागदावर धुरकट दिसत होते. कापडावर ते फक्त जुने दिसले.

मला वाटलं, झालं काम.

गोधडी घातली अंगणात. खाली अस्तर, त्यावर साड्यांचे थर, चार कोपऱ्यांना दगड. मावशी कडेपासून आत येते, धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराने. थर एकमेकांना धरून राहतात ते या ओळींमुळेच. पोटात दुसरं काही नसतं. फोटोचा तुकडा मी मधोमध ठेवला होता. तिने तो उचलला. "पायाकडे येईन ना रे ते." गोधडीला डोकं-पाय नसतात, झोपेत कुणीही कशीही ओढतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी एक बाजू तिने डोक्याची ठरवली, लाल काठ लावून.

खरा पेच नंतर आला. ओळी फोटोपर्यंत पोचल्या आणि सुई थांबली. "माणसाच्या तोंडातून सुई काहून काढू मी?"

याला उत्तर नव्हतं. काकांचं धोतर त्याच गोधडीत होतं आणि त्यातून शेकडो टाके गेले होते, ते चाललं. तोंड निराळं. मला वॉशिंग्टनची ती प्रचंड गोधडी आठवली: एड्सने गेलेल्यांसाठी 1987च्या ऑक्टोबरात मैदानावर अंथरलेली, 1,920 तुकड्यांची, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. त्यातही माणसांचे कपडे आहेत, काही तुकड्यांवर फोटो आहेत. पण ती बघायची गोधडी. तिच्याखाली कुणी झोपत नाही, तिच्यावर लहान मूल मुतत नाही.

मावशीने आधी चौकट सोडून चौफेर शिवलं. पहिल्या धुण्यात आतले थर सरकले आणि नेमकी तेवढी जागा फुगली, काकांचा गाल सुजल्यासारखा. शेजारणी हसल्या. तीही हसली, मग तिने टाके उसवले. पुढचे दोन दिवस मी तिथे नव्हतो.

परत गेलो तेव्हा गोधडी दोरीवर वाळत होती. सुई फेट्याच्या कडेने गेली होती, घडीघडीने वर चढून तुऱ्यापर्यंत. खाली कानामागून उतरून सदऱ्याच्या गळ्याला, तिथून खांद्यावर. मध्ये तळहाताएवढं तोंड तेवढं कोरं. एवढ्याशा जागेत थर सरकत नाहीत.

मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, शिकायचं काय त्यात, फेटा बांधल्यावर कड दिसतेच. आणि तिने दोरीवरची गोधडी उलटवली, ऊन दुसऱ्या बाजूला लागावं म्हणून. मागे पांढऱ्या अस्तरावर शाईचा डागही नव्हता. लाल दोऱ्याने काढलेला एक फेटा होता, दोन खांदे होते.

आता ती तीच बाजू वर घेऊन झोपते. फोटोवर ऊन पडत नाही, असं कारण सांगते.